सगळ्याला एकच कोड

"दोन वर्षांत मिक्सरचा एकही कपलर विकला गेलेला नाही," हेड ऑफिसातून आलेल्या साहेबाने लॅपटॉप मावशींकडे वळवला. "कुकरची रिंग, शून्य. पंख्याचा रेग्युलेटर, शून्य. खपतात ते फक्त नळाचे वायसर."

त्या दिवशी सकाळपासूनच मावशींनी तीन कपलर विकले होते.

मावशी म्हणजे त्या चार मजली दुकानात, तळमजल्यावर, सुट्या भागांच्या काउंटरवर एकवीस वर्षं उभी असलेली बाई. तोंडाने फटकळ, हाताने चलाख. गिऱ्हाइकाने तुटका तुकडा पुढे करायचा अवकाश, की मावशींचा हात बरोबर त्याच खणात गेलेला असायचा. साहेब तसा गुणी पोरगा. आवाज चढवत नव्हता, खुर्चीवर बसतानाही विचारून बसला. त्याचं म्हणणं एवढंच, की कॉम्प्युटरच्या हिशेबाने या काउंटरला गिऱ्हाईक नाही, तेव्हा महिनाअखेरीस तो बंद करून तिथे मोबाइलची कव्हरं ठेवायची. 'काउंटरची गरज उरलेली नाही' अशा कागदावर मावशींची सही तेवढी हवी होती.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. हे भाग सुटे येतात, तेलकट पिशवीवरचं लेबल गळून पडतं. मग एकेकाचा कोड जाडजूड वहीत शोधत बसायचा आणि मागे रांगेतल्या लोकांनी कपाळाला आठ्या घालायच्या. मावशींनी एक दिवस वायसरचं एक पाकीट काउंटरलाच चिकटवून टाकलं. कुठलीही वस्तू आली, की तिची किंमत भरेल तितक्या वेळा स्कॅनर त्या पाकिटावर मारायचा, काम फत्ते! रांग झरझर सरकायची. मावशींना या युक्तीचा अभिमानच होता. ते मशीन सगळं लक्षात ठेवतं आणि त्यावरून वर बसलेलं कुणीतरी दुकानात काय राहावं ते ठरवतं, हे त्यांना कोणी बापजन्मात सांगितलं नव्हतं.

मॅनेजरांना मात्र सगळं ठाऊक होतं. वर्षाच्या मोजणीत येणारी तफावत तेच गुपचूप जुळवून घ्यायचे आणि संपलेला माल फोन करून मागवायचे. त्यांनी मावशींना रॅकच्या मागे बोलावलं.

"सही करून मोकळ्या व्हा. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, तुम्हाला वर पडद्यांच्या विभागात बसवतो. तोंड उघडलंत तर खोट्या नोंदीचा ठपका येईल. त्याला एकच शिक्षा आहे, मावशी. घरी."

घरी नवरा गुडघे धरून बसलेला, कमावतं माणूस मावशी एकट्याच. करावी सही, असंच त्यांच्या मनात आलं. त्या परत आल्या तर काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ रुमालात गुंडाळलेला कुकरच्या मुठीचा स्क्रू घेऊन उभे होते. तीन दुकानं फिरले होते बिचारे, सगळीकडे नवा कुकर घ्या म्हणून सांगितलं होतं. मावशींनी खण ओढला, स्क्रू काढून दिला. गृहस्थांनी तो दोनदा निरखला आणि ते समाधानाने निघून गेले. साहेब हे सगळं बघत होता, आणि कागद अजून टेबलावर तसाच होता.

मावशींचं टाळकंच फिरलं.

त्यांनी कपलरचा खण उपसून साहेबासमोर आदळला. "एकही विकला नाही ना? मग हा भरलेला हवा. मोजा."

खणात चार उरले होते.

साहेब खणाकडे बघत राहिला. मावशींनी त्याला चिकटवलेलं पाकीट दाखवलं, युक्ती सांगितली, काही म्हणता काही लपवलं नाही. मॅनेजर लांबून खुणा करत होते, त्यांच्याकडे मावशींनी पाठ फिरवली.

"हे मी रिपोर्टात लिहिलं, तर तुमचं नाव घालावं लागेल," साहेब हळूच म्हणाला.

"घाला की. चूक माझी, ती कपलरच्या माथी कशाला मारता? मला काढायचं तर काढा. पण माझ्या काउंटरला गिऱ्हाईक नाही असं लिहायचं नाही. त्याला माझी सही मिळणार नाही."

काउंटर राहिला. मावशी राहिल्या नाहीत.

दोन महिन्यांनी घरच्या मिक्सरचा कपलर झिजला, तेव्हा त्या तिथेच गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. काउंटरवर नवी बाई होती. लेबल गळलेलं होतं, ती वही चाळू लागली. मागे कुरकुर सुरू झाली, कोणीतरी घड्याळ बघून च्च केलं. नवी बाई भांबावली आणि स्कॅनर धरलेला तिचा हात शेजारी पडलेल्या भलत्याच वस्तूच्या पाकिटाकडे वळला.

"शोधा तुम्ही सावकाश," मावशी म्हणाल्या. "मी थांबते."

आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी मागच्या रांगेकडे असं काही वळून पाहिलं, की पुन्हा कोणी हूं की चूं केलं नाही.