लाल काटा

"या खड्ड्यात श्वास घ्यायचा तर पाळ्या लावाव्या लागतील," थोरल्या जाऊबाई धाकटीच्या कानाशी पुटपुटल्या. "आणि तुझं कोपर काढ गं माझ्या बरगडीतून."

धाकटीने कोपर काढलं, पण नजर गेजवरून हलवली नाही. खड्ड्यात दोन पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, आणि त्यांच्यामध्ये आडवा जॅक. एका पाइलची परीक्षा घ्यायची, दुसऱ्याने नुसता टेकू द्यायचा. परीक्षेचा पाइल नंतर सोडून द्यायचा. टेकूवाल्यावर मात्र दवाखान्याचा कोपरा उभा राहणार, म्हणून जॅकच्या पंपाला नळीने जोडलेल्या डायलवर खूण केली होती. जोर तिच्यापुढे न्यायचा नाही. पंपाशी थोरले दीर, दादा. या घरच्या धंद्यात पंपाला दुसरं कुणी हात लावत नसे.

पाइल किती सरकला ते दाखवणारा गेजचा काटा इतका वेळ शहाण्यासारखा सरकत होता. तो एकदम धावत सुटला.

"दादा, बास! सोडा!"

"अजून कुठे झालंय?" दादांनी आणखी एकदा दांडा दाबला, मग सोडला.

काटा मागे फिरला आणि अर्ध्या वाटेतच रुसून बसला. पाइल सरळ झालाच नाही. तडकतो तो मातीखाली, कुणाचा हात पोचणार नाही तिथे. वर नुसती मान जराशी कलती, पाहुण्यांसमोर हसणाऱ्या सुनेसारखी.

"हा टाकायचाच आहे," दादा म्हणाले.

"पण जॅक दोघांनाही सारखाच ढकलतो ना, दादा." दुसऱ्या पाइललगत मातीत फट पडली होती. धाकटीची बोटं सहज आत गेली.

जाऊबाईंनी चपलेनेच त्या फटीत माती लोटली. घरीही त्यांचं हेच चाले. दादांनी औषधाची बाटली उचलली की नाव यांनीच मोठ्याने वाचायचं, आणि फोन वाजला की "बघते हं कोण आहे" म्हणत आधी यांनीच धावायचं. सगळेच थोडी थोडी माती लोटत.

वरून धाकटीच्या नवऱ्याने हाक मारली, "क्रेन आलीय! कोपऱ्याची जाळी उतरवू का?"

एकदा सळयांची जाळी बसली, वर काँक्रीट पडलं, की हा टेकूचा पाइल पुन्हा कुणाला दिसणार नव्हता.

"थांबायला सांगा," धाकटी दादांना म्हणाली. "डायलवरचा लाल काटा बघा आधी." जोर जास्तीत जास्त जिथवर गेला, तिथेच तो काटा अडकून राहतो.

दादांनी डायल नाकाशी धरला. "खुणेवरच आहे. पोरी, मी काय आज पंप धरतोय?"

काटा खुणेच्या कितीतरी पुढे, पार कडेला टेकला होता. वर साखळी खडखडली. शिडी एकच, तिच्या पायथ्याशी दादा, आणि जाळीची सावली तिघांच्या डोक्यावर सरकत आलेली.

जाऊबाईंनी दादांच्या हातातून डायल अलगद काढून घेतला.

"भावजी, जाळी वरच ठेवा!" त्या ओरडल्या. मग खाली, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्हाला दिसत नाही. कधीपासूनच दिसत नाही."