मिक्सरखालच्या यूपीएसचं गाऱ्हाणं

मी यूपीएस बोलतोय. हो, तोच काळा चौकोनी डबा, जो ध्वनिवाल्याच्या टेबलाखाली असतो आणि ज्याच्यावर येणारा-जाणारा खुशाल पाय टेकवतो. तुम्ही गाण्याला येता, गायिकेला बघता, वादकांना बघता, फार तर माइकचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सरवर बसलेल्या माणसाला बघता. मला कुणी बघत नाही. माझं कामच असं मेलं, की ते नीट झालं तर कुणाला कळतसुद्धा नाही. वीज जाते, दहा सेकंदांत हॉलचा जनरेटर सुरू होतो, आवाज होता तिथून परत येतो. लोक म्हणतात, वा, नशीब चांगलं! नशीब कसलं डोंबलाचं? मधली दहा सेकंदं मी तोलून धरलेली असतात.

आधीच सांगून ठेवतो, मी गोड बोलणार नाही.

दुकानातून मला ताईने निवडलं. ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांचा मिळून साउंडचा धंदा. त्यांची आई गाणारी, त्यामुळे दोघंही लहानपणापासून केबलींच्या गुंत्यातच वाढलेली. धाकट्याचा डोळा वरच्या फळीवरच्या एका धिप्पाड यूपीएसवर होता.

"ताई, हा घेऊ. स्पीकर, अॅम्प्लिफायर, सगळं यावर टाकू. बघायलाच नको."

"अरे, स्पीकर किती वीज ओढतात ते बघितलंस का? एवढा डोलारा हा दोन मिनिटं तरी पेलेल का? आपल्याला स्पीकर जगवायचे नाहीत. मिक्सर जगवायचाय. तो एकदा झोपला की उठायला दीड मिनिट घेतो."

मग तिने दुकानदाराला पिडलं. वीज गेली की हा मध्ये झटका तर देत नाही ना? याची वीज स्वच्छ आहे ना, का माइकमध्ये गुणगुण येईल? बॅटरी वेगळी मिळते का, आणि किती वर्षांनी बदलायची? दुकानदार म्हणाला, "बाई, लोक घर घेतानासुद्धा इतकं विचारत नाहीत." ताई हसली नाही. तिने आकडे बघितले, मिक्सरचे, स्टेजवर माइकच्या वायरी जोडायच्या डब्याचे, वायरलेस माइकच्या रिसीव्हरचे, बेरीज केली आणि खालच्या फळीवरच्या माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मी काय खूश होतो म्हणून सांगू!

पहिली तीन वर्षं सुखाची गेली. दर महिन्याला ताई माझा प्लग उपटायची आणि घड्याळ लावून बसायची. किती मिनिटं टिकलो ते वहीत लिहायची. तीन वर्षं झाली तशी तिने स्वतः माझी बॅटरी बदलली आणि पुढच्या बदलाची तारीख माझ्या पाठीवर पांढऱ्या पेनाने लिहून ठेवली. मग तिला दुसऱ्या शहरात, एका मोठ्या नाट्यगृहात नोकरी लागली आणि ती गेली.

ती गेली आणि माझे हाल सुरू झाले. माझ्या मागच्या भोकांमध्ये धाकट्याने काय काय खुपसलं! मोबाइलचे चार्जर, टेबलफॅन, चहाची किटली. एकदा तर एका निवेदिकेने केस सरळ करायचं यंत्र लावलं. मी ओरडून ओरडून अर्धमेला झालो, तर ती म्हणते, "अहो, तुमचं हे काहीतरी बिघडलंय वाटतं." माझी पाठ भिंतीकडे असायची, त्यामुळे ताईने लिहिलेली तारीख फक्त भिंत वाचायची. ताई फोनवर विचारायची, "बॅटरी बदललीस का रे?" हा म्हणायचा, "हो गं, बघतो." बघतो म्हणजे नाही, हे मला दुसऱ्या फोनपासूनच कळलं होतं.

आता जे झालं ते नीट ऐका.

आईचं गाणं होतं, लहानशा हॉलमध्ये. मधेच वीज गेली. स्पीकर गप्प झाले, पण आई थांबली नाही. तिने ओळ तशीच, माइकशिवाय, हळू पुढे नेली. शंभर माणसं श्वास रोखून ऐकत होती. आणि मी माझं कर्तव्य केलं. वीज गेली की सांगायचं, हे माझं काम. टीं. टीं. टीं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

कार्यक्रमानंतर आई मागच्या खोलीत नुसती धुमसत होती. "काय ओरडत होतं ते मेलं?"

"आई, यूपीएस आहे तो. वीज गेल्याचं सांगतो."

"वीज गेलेली मला दिसत नव्हती का? आधी त्याचं तोंड बंद कर. पुन्हा माझ्या गाण्यात वाजलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवते."

खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. त्या ओळीत माझं वाजणं खरंच वाईट होतं. राग आला तो धाकट्याचा. मला आवाज बंद करायचं बटण होतं हो! दोन सेकंदं दाबून धरायचं, बस्स. त्याने फक्त वीज गेल्याची शिट्टी बंद होते, बॅटरी मरायला टेकल्याची चालू राहते. पुस्तिकेत चौथ्या पानावर लिहिलंय. पुस्तिका कोण वाचतंय? त्याने झाकण उघडलं आणि पकडीने माझा भोंगाच मोडून काढला. स्टेजवरून माझा दिवा दिसतो म्हणून त्यावर काळी टेपही चिकटवली. झालं. आता मी मेलो तरी कुणाला कळणार नव्हतं.

सहा महिन्यांनी माझी बॅटरी फुगायला लागली. टेपखाली माझा लाल दिवा दिवसरात्र लुकलुकत होता.

त्याच सुमारास आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जन्मभर तिने स्वतःचं गाणं रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. "लोक मग ऐकत नाहीत, नुसतं साठवतात," म्हणायची. आता शस्त्रक्रियेआधीच्या रविवारी, सकाळी अकराला, शेवटचं गाणं ठरलं आणि ती आपणहून म्हणाली, "या वेळी घे रे रेकॉर्डिंग."

ताईला त्या दिवशी सुटी मिळाली नाही. तिने फोनवर बजावलं, "वेगळा रेकॉर्डर लाव. फक्त मिक्सरमधल्या रेकॉर्डिंगवर विसंबू नकोस."

"अगं, यूपीएस आहे ना आपल्याकडे," धाकटा म्हणाला.

माझ्या जिवावर बोलला तो! चार वर्षांत ज्याने माझ्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं, तो.

आई त्या दिवशी जे गायली ते मी सांगू शकत नाही. पन्नास मिनिटं झाली आणि वीज गेली. मला फक्त दहा सेकंदं हवी होती. आयुष्यभर ज्यासाठी जगलो ती दहा सेकंदं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. एक सेकंदही निघालं नाही. मिक्सर माझ्या डोक्यावर विझला. जनरेटर आला, मिक्सर दीड मिनिटाने उठला, आई तोवर गातच होती. पण तोवरची फाइल अर्धवट तुटली होती, ती पुढे कधीच उघडली नाही. आणि घाबरलेला धाकटा रेकॉर्डिंगचं बटण पुन्हा दाबायला विसरला.

संध्याकाळी तो सगळ्यांना सांगत होता, "ऐन वेळी यूपीएसने दगा दिला हो." मी दगा दिला! सगळं खापर माझ्या डोक्यावर.

शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनी ताई आली. तिने मला घरच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि स्क्रू काढले. बॅटरी इतकी फुगलेली की बाहेर निघेना. तिने टेप सोलली, पाठीवरची तारीख वाचली. मग तिला भोंग्याचं तुटकं मूळ दिसलं.

"हे कुणी केलं?"

धाकटा म्हणाला, "मी."

"का?"

"वाजत होतं."

"वाजत होतं? वाजण्यासाठीच असतं ते! तुझ्या आळसापायी आईचा आवाज गेला, कळतंय का तुला? एकदाच मिळणार होता तो आपल्याला!"

समोरच्या खुर्चीत आई बसली होती, गळ्याला पट्टी, मांडीवर वही. ती खुर्चीचा हात थोपटत होती. ताईची तिच्याकडे पाठ होती. आईने घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि वही वर धरली. धाकट्याने पुढे होऊन वाचलं. मीही वाचलं, तो वाकला तेव्हा. "मी सांगितलं होतं त्याला."

त्याने ते पान फाडलं आणि खिशात घातलं. "पाणी हवंय तिला," असं ताईला म्हणाला आणि आत गेला.

ताई त्याच संध्याकाळी निघून गेली. जाताना त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, अजूनही बोलत नाही. आईने ते वाक्य आणखी एकदा लिहिलं आणि ताईचा पत्ता घातलेल्या पाकिटात ठेवलं. पोस्टात टाकायला धाकट्याकडेच दिलं. त्याने तेही खिशात ठेवलं. तिसऱ्यांदा तिने लिहिलं नाही.

मला कळतं, आईवर बोल येऊ नये म्हणून करतो तो. ताईच्या शिव्या मुकाट खातो. पण त्याने आधी माझं तोंड बंद केलं आणि आता आईचं करतोय, आणि दोन्ही वेळा त्याला वाटतं की आपण आईसाठीच केलं. एवढा राग मला फुगलेल्या बॅटरीचासुद्धा येत नाही.

मी आता जिन्याखाली आहे, झाकण उघडं, बॅटरी काढलेली. उद्या भंगारवाला येईल. माझं स्वतःसाठी काही मागणं नाही. ताई, तू मला निवडलं होतंस, म्हणून तुला सांगतो. एकदा घरी फोन कर. आईला नको, तिला बोलता येत नाही. धाकट्याला कर, आणि त्याला विचार, तुझ्या खिशात काय आहे.