प्रेमलतेची डावी बाजू

नवा मध्यप्रदेश होऊन पाचेक वर्षं झाली होती. चैत्रातली दुपार. इंदुरात बड्या गणपतीजवळच्या घरात सुहासिनी सकाळपासून हळदीकुंकवाची आंबेडाळ वाटत होती. बायका येऊ लागल्या तशी थोरली जाऊ प्रेमलता स्वयंपाकघरात आली.

"सुहास, तू आता वर माळ्यावर जा. सवाष्णी येतायत, सामने पडू नकोस."

सुहासिनी तेवीस वर्षांची. नवरा शरद टायफॉइडनं गेला त्याला वर्ष झालं होतं. तिच्या हातची डाळ सगळ्यांना चालत होती, तोंड तेवढं चालत नव्हतं.

प्रेमलता शहराची टेबल टेनिस चॅम्पियन. हिला हिच्याच क्लबात, ह्याच बायकांसमोर हरवायचं, असं सुहासिनीनं माळ्यावर बसून ठरवलं. शरदनं तिला खेळ शिकवला होता. त्याची बॅट अजून तिच्यापाशी होती.

ती मुलींच्या शाळेत शिकवायची. तिथलं टेबल ती सकाळी सहाला मागायची. पंधरा दिवसांनी शिपाई मालोजी म्हणाला, "बाई, चाबी तुमच्याजवळच ठेवा. रोज-रोज काय पूछता."

टेबलाचा अर्धा भाग भिंतीला उभा टेकवून ती एकटीच खेळे. डावीकडे खोल आलेला चेंडू प्रेमलता नेहमी उंच उचलते, हे तिनं हेरलं होतं. तिथं चेंडू टाकायचा तो एकच फटका तिनं दीड वर्ष घोटला. मनगट सुजलं, सूज उतरली, पुन्हा सुजलं. जमेल का, हा प्रश्न हळूहळू पडेनासा झाला.

क्लबात शहराची स्पर्धा झाली, तीत दोघी अंतिम सामन्याला पोचल्या. सामन्याआधी प्रेमलता पंच नानासाहेबांना म्हणाली, "हिचं तोंड बघून खेळू का मी? अपशकुन होतो."

"नीट बघून घ्या, वहिनी," सुहासिनी म्हणाली. "एकवीस पॉइंट होईपर्यंत हेच दिसणार आहे."

एकवीस-बारा. एकवीस-सात. दया म्हणून तिनं एकही चेंडू उजवीकडे टाकला नाही.

"अपशकुनानं हरले," प्रेमलता बॅट टाकत म्हणाली.

"अपशकुन आजचा. तुमची डावी बाजू केव्हाची कच्ची आहे."

प्रेमलता निघाली. नानासाहेबांनी अडवलं. "प्रेमलताजी, हात तर मिळवावा लागेल."

तिनं बोटांची टोकं पुढं केली. सुहासिनीनं सगळा पंजा धरला आणि क्लबातल्या प्रत्येक बाईनं बघेपर्यंत सोडला नाही.

एवढा राग बाईमाणसाला शोभत नाही, असं नंतर त्या बायका म्हणाल्या. तिला माळ्यावर धाडताना काय शोभतं, हा विचार त्यांतल्या एकीलाही सुचला नव्हता.