सत्तावीस तासांची नोंद

मी एक जुनं रजिस्टर आहे, मित्रांनो. माझी खालची निम्मी पानं पाण्याने फुगली आहेत आणि पुठ्ठ्यावर लोखंडी पायाचा खड्डा पडला आहे. पण माझी आठवण शाबूत आहे, आणि मनातला राग त्याहून शाबूत आहे. रजिस्टरने गपगुमान कपाटात बसावं, त्याला कसला आलाय राग, असं कोणी म्हणेल. म्हणू दे बापडं.

महाल भागातल्या एका बाइंडरने मला शिवलं. लाल कापडाची पाठ, दोनशे साठ पानं, प्रत्येकावर छापील आकडा. जरीपटक्याच्या मायाने मला निवडलं. दुकानात उभ्या उभ्या तिने माझं पान उलटून शाई फुटते का ते बघितलं, तेव्हाच मला ती आवडली. माया अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. घरातल्या बायका बिनपगारी किती तास राबतात, हे घरोघरी जाऊन मोजायचं, त्यावर लेख लिहायचा आणि मोठ्या नियतकालिकात पाठवायचा, हे तिचं काम. त्या लेखावर आपलं नाव छापून यावं, एवढीच तिची इच्छा होती. तिच्या घरात आजवर लग्नपत्रिकेशिवाय कोणाचं नाव कुठे छापून आलं नव्हतं.

सर्व्हे करणाऱ्यांची एक रीत असते. पहिली मुलाखत सरावाची. ती आपल्याच घरी घ्यायची, तिला शून्य नंबर द्यायचा आणि शेवटच्या मोजणीतून ती वगळायची. मायाने माझं पहिलं पान उघडलं आणि आपल्या आजीसमोर, सिंधूताईंसमोर, फतकल मारून बसली. आजी एका हाताने खुशीला, म्हणजे आपल्या पणतीला, झोका देत तांदूळ निवडत होती.

एकेका कामाचे तास आजी सांगत गेली, माया लिहीत गेली. बेरीज आली सत्तावीस.

"अवं आजी, दिवसाले चोवीसच तास असतात!"

"असतील तुह्या पुस्तकात. आता मी तांदूळ निवडून राहिली का पोरीले झोका देऊन राहिली, सांग बरं?"

"दोन्ही."

"मंग दोन्ही लिही. एक काहून खातं वं माह्यं?"

माया खूप हसली. मग तिने सत्तावीस तसेच राहू दिले आणि समासात लाल पेनाने लिहिलं, 'घर क्रमांक शून्य. सराव. मोजणीत धरू नये.' खाली सही, तारीख. पुढच्या प्रत्येक पानावर तिने एक नवा रकाना आखला, 'एकाच वेळी दोन कामं'. अख्खा लेख त्या रकान्यावर उभा राहिला, मित्रांनो. तो आजीच्या तोंडून आला होता.

जरीपटक्यापासून हुडकेश्वरपर्यंत आम्ही दोनशे चाळीस घरं फिरलो. कुत्री मागे लागली, तरी मायाने मला छातीशी धरून ठेवलं. सगळ्या नोंदी तिने संगणकात भरल्या, शून्यासकट. तक्ते केले, संदर्भांची यादी लावली, बारा हजार शब्दांचे आठ हजार केले. मग लेख, फाइल आणि मला घेऊन ती धरमपेठेत शरच्चंद्र सरांकडे गेली. सर तिचे मार्गदर्शक. त्यांनी मला चाळलं आणि म्हणाले, "उत्तम काम आहे. सगळं इथेच ठेव. लेख मी पाठवतो, माझ्या नावाने गेला की लवकर वाचतात. दुसरं नाव तुझं."

ती गेली आणि सरांनी काय केलं ते माझ्या डोळ्यांदेखत केलं. मायाची वाक्यं फिरवली. लेख वेगळा दिसावा म्हणून तो नवा रकाना उडवला आणि कच्च्या फाइलवरून तक्ते पुन्हा काढले. नियतकालिकाच्या फॉर्मवर 'हे संशोधन माझे स्वतःचे आहे' या ओळीपुढे खूण केली. लेखकांच्या चौकटीत नाव टाकलं एकच. मग चहा मागवला.

आणि मला? उन्हाळ्यात कूलर डुगडुगायला लागला, तर सरांनी मला त्याच्या पायाखाली सरकवलं. दोनशे चाळीस बायकांचं आयुष्य कूलरखाली! खालून पाणी झिरपायचं. एकेक घर पुसट होत होतं आणि मी दातओठ खात, पहिलं पान कोरडं ठेवून पडलो होतो. ते एक पान मला जपायचं होतं. सर 'माझा अभ्यास, माझा अभ्यास' करत फोनवर मिरवायचे तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मे महिन्यात सरांनी मायाला तातडीने बोलावलं. संपादकांचं पत्र आलं होतं. सरांनी घाम पुसत वाचून दाखवलं, "तक्ता दोनमध्ये एक स्त्री दिवसाला सत्तावीस तास काम करते. हे कसे? मूळ नोंद पाठवावी."

"तुमच्या लेखात माझं नाव कितवं आहे, सर?" मायाने विचारलं.

"आभारात टाकतो ना तुझं नाव! आधी हे निस्तर. कोण आहे ही बाई?"

मायाची नजर माझ्यावर पडली. ती वाकली आणि तिने मला हिसकून बाहेर ओढलं. कूलर कलंडला, टाकीतलं पाणी भसकन सरांच्या पायांवर सांडलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तिने पहिलं पान उघडलं. लाल अक्षरं जशीच्या तशी होती.

"ही माही आजी आहे, सर," ती म्हणाली. "सरावाचं घर, मोजणीत धरायचंच नव्हतं. मूळ नोंद मीच पाठवते."

"माया, अगं, ऐक तर! तुझं नाव दुसरं टाकतो. पहिलं टाकतो!"

ती थांबली नाही. त्याच दुपारी माझ्या पानांचे फोटो संपादकांकडे गेले, शून्यापासून दोनशे चाळीसपर्यंत, प्रत्येक ओळ मायाच्या अक्षरात. सरांना एकाही घराचा पत्ता सांगता आला नाही. लेख परत आला, तो का नाकारला तेही अंकात छापून आलं, आणि विद्यापीठाने त्यांचं मार्गदर्शकपद काढून घेतलं. माफ करायला हवं होतं, असं काही जण म्हणाले. ते कधी कूलरखाली झोपले नव्हते.

मायाने लेख नव्याने पाठवला, रकान्यासकट. दोनदा दुरुस्त्या आल्या, वर्ष गेलं, पण छापला. अंक घरी आला तेव्हा आजीने नावावर बोट ठेवलं.

"हेच का वं तुह्यं नाव?"

"हाव."

"आन् त्याचं?"

"नाही राहिलं."

"बरं झालं," आजी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

आता मी आजीच्या घरी फळीवर असतो. मित्रांनो, जुन्या वह्या जपा. ज्याने राबून लिहिलं त्याचं नाव त्यावरून खोडू नका, आणि आम्हाला कशाच्या पायाखाली तर मुळीच घालू नका. आम्हाला सगळं आठवतं.

सरांचा कूलर अजून डुगडुगतो म्हणे. डुगडुगू दे.