डांबराचा दोर आणि आक्कांचा नेम

“आधी पीळ बघ, मग गाठ मार, आन् मगच वजन टाक.” भावकू खलाशाचे हे सांगणे अजून माझ्या पिळापिळात बसले आहे. मित्रांनो, मी त्याच भावकूचा जुना जहाजी दोर.

वेंगुर्ल्याच्या बंदरात मला वळले आणि डांबरात बुचकळून काढले, म्हणून मी काळा. बारा वर्षे मी गलबताचे शीड चढवले आणि उतरवले. गलबत मोडीत निघाले तेव्हा भावकूने मला खांद्यावर टाकले आणि आंबोलीचा घाट चढून निपाणीजवळच्या आपल्या गावी आणले. तिथे तो धरणेंद्र आण्णांच्या घरी गाडी हाकू लागला आणि मी तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाली गाठोडी, आवळू लागलो.

कामाची मला लाज नव्हती. मी जळत होतो तो एका पांढऱ्या सुती दोरावर. आण्णांच्या विहिरीच्या रहाटाला तो असे. आण्णांच्या पत्नी तारामतीबाई, सगळ्यांच्या आक्का, रोज पहाटे अंघोळ करून जैनांचा णमोकार मंत्र म्हणत त्याला हात लावत. पाणी शेंदायचे, दुहेरी कापडातून गाळायचे. कापडावरचे बारीक जीव मरू नयेत म्हणून ते पोहऱ्यात खंगाळायचे, आणि पोहरा त्याच विहिरीत नेऊन पाण्याला टेकवून अलगद कलता करायचा. वरून ओतायचे नाही. हा त्यांचा नेम. तो झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंबही घेत नसत.

नंतर त्या पांढऱ्याला उन्हात वाळत घालत, लेकराचे केस सारखे करावेत तसा हात फिरवून. आणि मी? गाडीखाली, शेणात.

सून कांता बेळगावच्या शाळेत इंग्रजी शिकून आलेली. एके दिवशी ती म्हणाली, “आत्ती, ज्याला काम नीट येतं त्याला साहेब लोक म्हणतात, ‘ही नोज द रोप्स’. त्याला दोर ठाऊक आहेत.”

“दोराचं एवढं काय गं?”

“शिडाच्या जहाजावर कितीतरी दोर असतात. कुठला ओढला की कुठलं शीड हलतं, हे नव्या खलाशाला पहिल्यांदा शिकवायचे. ते कळलं की जहाज कळलं. त्यावरूनच ते बोलणं आलं म्हणतात.”

भावकू बैल धूत होता. “व्हय आक्का. म्या पैल्या म्हैन्यात भलताच दोर सोडला, तर खलाशांच्या म्होरक्यानं, तांडेलानं, दोन दिस कांदं सोलाय लावलं.”

कांदा म्हणताच आक्कांनी पदर नाकाला लावला. मी मात्र अभिमानाने फुगलो. साहेबाच्या बोलण्यात माझी जात होती.

पांढऱ्यावरून हात फिरवत आक्का म्हणाल्या, “मला बाई ह्यो एकच ठाऊक. त्याच्यावरच माझं जहाज चाललंय.”

ते ऐकून मला कसे झाले असेल, तुम्हीच सांगा.

त्या चैत्रात विहिरीचे पाणी खोल गेले आणि पांढरा चार हात आखूड पडला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले. नवा दोर घ्यावा तर बाजार चार दिवसांवर होता. कोसभर लांबच्या विहिरीचे पाणी पिंपातून आले आणि सगळे जेवले. पण त्या पाण्यातले जीव परत कोसभर कोण नेणार? दुसऱ्या दिवशी कांता रडवेली होऊन अंगणात आली तेव्हा मला कळले, आक्का कालपासून कोरड्या होत्या.

“भावकूचा दोर लावू या, आत्ती.”

“डांबराचा नि तंबाखूचा? त्याचं पाणी देवाला घालू व्हय?”

“पाण्यात पांढराच जाईल. हा वर राहील, आपल्या हातात.”

आक्कांनी पांढऱ्याचे टोक रहाटावरून सोडवले. मग भावकूला म्हणाल्या, “बांध.”

भावकूने आम्हा दोघांची गाठ मारली. पाणी शेंदून, गाळून झाले आणि कापडावरचे जीव घेऊन पोहरा पुन्हा खाली गेला. आक्कांचे हात मला मिळाले, पण पाण्याला टेकला तो पांढराच. एक क्षण वाटले, सैल पडावे आणि जाऊ द्यावे त्याला तळाला. पण तो एकटा गेला नसता, आक्कांचा नेमही गेला असता. मी त्याला घट्ट धरून राहिलो. पोहरा कलता झाला. वर आक्कांनी डोळे मिटले, मग ओंजळभर पाणी प्यायल्या.

माझे अंग खरखरीत. तिसऱ्या दिवशी त्यांचे तळहात सोलले, आणि संध्याकाळी तापही भरला.

कांता उशाशी बसली. “तुम्ही उठेपर्यंत मी करते.”

“पहाटं उठतीस व्हय? शाळेतली पोर तू.”

“उठते.”

“बोललीस तर करावं लागतंय.”

मित्रांनो, कामाचा दोर ओला टाकू नका. वाळवा, गुंडाळा, खुंटीला लावा; आता कांता मलाही तसे लावते. मत्सर मात्र पुरता गेलेला नाही. पांढऱ्याला पाणी मिळते, हे अजून खुपते.

त्या तापाच्या रात्रीनंतर पहाटे आक्कांना नुकती झोप लागली होती. ओल्या केसांना पंचा गुंडाळून कांताने आम्हा दोघांना खांद्यावर घेतले. जोडवी वाजू नयेत म्हणून बोटे उचलून पावले टाकत ती विहिरीकडे निघाली.