टापियाच्या फांदीवर राहिलेला कोश

मी रानरेशमाच्या पतंगाची मादी आहे, मित्रांनो. मादागास्करच्या डोंगरमाथ्यावर, टापियाच्या झाडावर माझा जन्म झाला. अळी होते तेव्हा मी केसाळ होते. मानेमागे काळे काटे होते. हात लावणाऱ्याला दिवसभर खाज सुटे. पुढे मी राखाडी धागा काढून कोश विणला आणि तेच काटे त्यात खोचून ठेवले.

त्या हिवाळ्यात साहुली कोश वेचायला आली. तिचा नवरा झाफी दूरच्या खाणीत वारला होता, त्याला तिथेच पुरलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या अस्थी गावी यायच्या होत्या, आणि इथल्या रीतीप्रमाणे त्या गुंडाळायला रानरेशमाचं कापड हवं होतं. सोबत नणंद होती, फारा.

"वहिनी, हा बघ, एक राहिला! तोड पटकन. धागा दादाला, आतली अळी तळून मला!"

साहुलीने काटे चुकवून मला हळूच दाबून पाहिलं. मी आत हलले.

"राहू दे गं. गेल्या साली सगळे ओरबाडले, म्हणून यंदा झाडं ओकीबोकी."

"आणि कापड अपुरं पडलं तर?"

"माझ्या लग्नातल्या शालीचा पदर जोडीन."

"दादाला ठिगळाचं कापड? लोक काय म्हणतील!"

"लोकांना थोडंच त्यात निजायचंय?" साहुली म्हणाली. मग मला तसंच सोडून पुढच्या झाडाकडे वळली.

मी कोशातून बाहेर आले तेव्हा त्या कापडात गुंडाळलेल्या झाफीला वाजतगाजत नेत होते. रीतीप्रमाणे साहुलीही नाचत होती. मधेच तिने जोडलेल्या पदरावर गाल टेकवला आणि काहीतरी पुटपुटली. एवढ्या गलक्यातही फाराने ते ऐकलं. तिने वहिनीचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

माझे पंख मातकट, त्यांवर फिकट नागमोडी रेघ. अंग जड, म्हणून फार उडवत नाही. मला खाता येईल असं तोंडच नाही. वाट पाहणं तेवढं येतं. फांदीला बिलगून मी वाऱ्यावर नराला बोलावणारा माझा गंध सोडत राहिले. पहिल्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. रान विरळ झालंय, मित्रांनो. अंगातली ताकद सरत आली तेव्हा तो आला. माझ्याहून लहान, तांबूस, पिसांसारख्या मिशांचा. आला तसा गेलाही.

आता पानांवर माझी अंडी आहेत. त्यांतली पिल्लं मला दिसायची नाहीत. तुम्ही या रानात आलात, तर वणवा लावू नका. आणि कोश वेचताना प्रत्येक झाडावर थोडे राहू द्या. आत कुणीतरी जागं असतं.