पात्याखालचे केस

धाकटीनं बटण सरकवलं. मशीन गुणगुणलं, थरथरलं, पण पातं काही हललं नाही. तिनं ते बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच गुणगुण आणि तळहाताला मुंग्या आणणारी तीच थरथर.

गॅलरीत बाबा गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून खुर्चीवर बसले होते. त्यांचे पांढरे केस कॉलरच्या खाली उतरले होते.

"काय इन्स्पेक्टर, मशीनपण रुसलं का माझ्यावर?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"मोटर फिरतेय बाबा. पातं अडकलंय. पाच मिनिटं द्या."

"दे की. मला कुठं जायचंय?"

इन्स्पेक्टर हे नाव दादानं ठेवलेलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून ती घरातल्या दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचायची, म्हणून. दादा गेल्यापासून या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. आज बाबांनी मारली, आणि केस कापायचंही त्यांनीच काढलं. सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले होते, "आता तूच काप बाई. तो काही येत नाही."

अकरा महिन्यांत ते न्हाव्याकडे गेले नव्हते, की कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. त्यांचे केस दादाच कापायचा, महिन्यातल्या एका रविवारी, याच मशीननं. ते विकत घ्यायला त्यानं तीन आठवडे लावले होते. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला होता, "अहो, केसच कापायचेत ना? झाडं तर नाही तोडायची." पण दादा ऐकणारा नव्हता. त्याला वायरवालंच हवं होतं, कारण मशीन धडधाकट असतं आणि बॅटरी आधी मरते. पातं पोलादी हवं, सुटं विकत मिळायला हवं, आणि ते साध्या स्क्रूनं बसवलेलं हवं. घरात जे उघडता येत नाही ते विकत घ्यायचं नाही, असा त्याचा हट्ट.

धाकटीनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि वायर भिंतीतून काढली. मशीनच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर दादाच्या बारीक अक्षरात ओळीनं तारखा होत्या. केस कापून झाले की ब्रशनं पातं साफ करायचं, तेलाचे तीन थेंब सोडायचे, क्षणभर चालवून पुसायचं, आणि मग तारीख टाकायची. दीड वर्षात एकही तारीख चुकली नव्हती. शेवटची तारीख तो गेला त्याच्या आधीच्या रविवारची होती. त्या दिवशी त्यानं बाबांचे केस कापले होते. गेला गुरुवारी.

तिनं दोन्ही स्क्रू सोडवले, पातं उचललं आणि हात तिथंच थांबला.

आत केसांचा बोळा होता. साधा थर नव्हे. पात्याला चालवणाऱ्या खुंटीभोवती गच्च पीळ बसलेला, अंगठ्याएवढा बोळा. तिनं चिमट्यानं एक टोक धरून ओढलं. केस येत राहिला. बोटभर, मग वीतभर. दादा कापायचा तेव्हा बाबांचे केस कधी इतके लांब नव्हते. आणि हा पांढराही नव्हता.

तिनं तो उजेडात धरला. काळा, लाटा असलेला. दुसरा काढला, तो आखूड, राठ आणि तांबूस निघाला. तिनं तो चिमटीत फिरवला; डोक्याच्या गोल केसासारखा तो सरळ फिरेना, एका बाजूला पडत होता. दाढीचा केस. या घरात तांबूस दाढी एकाच माणसाला होती, आणि मानेवर रुळणारे केसही त्यालाच.

तिनं खुर्चीची पाठ धरली, मग खुर्चीत बसली, आणि प्रयोगशाळेत करते तसं पहिल्यापासून मोजायला लागली. रविवारी मशीन साफ झालं. गुरुवारी सकाळी आठला ती कामावर निघाली, तेव्हा दादा बेसिनपाशी उभा होता. दाढीला टूथपेस्ट लागली होती. ती म्हणाली होती, "अरे, अर्धी पेस्ट दाढीच घासतेय." तो हसला होता. म्हणजे आठला दाढी होती. बाबा तिच्याही आधी त्यांच्या छापखान्यात गेलेले. आई बाजारातून अकराला परतली, तेव्हा घर रिकामं होतं. संध्याकाळी त्याची मोटरसायकल पुलाजवळ सापडली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. खाली नदी फुगलेली. पुलाच्या अलीकडं बसस्टॉप होता. तिथंही चौकशी झाली होती. फोटो दाखवून एकेका कंडक्टरला विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच. असा दाढीवाला, केस वाढवलेला माणूस चढला नाही.

नव्हताच चढला तसला माणूस.

लांब केस आधी कात्रीनं कापायचे, मगच मशीन लावायचं, नाहीतर पात्यात गुंता होतो, हे दादानंच तिला दहादा सांगितलं होतं. त्यानंच ते केलं नव्हतं. आणि मशीन तसंच घाण, डब्यात ठेवून दिलं होतं.

"काय गं, झालं का?" आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिची नजर वर्तमानपत्रावर गेली. पुसणारे हात थांबले.

धाकटीनं मान वर केली. आई दचकेल, विचारेल हे काय म्हणून, असं तिला वाटलं होतं. आई फक्त दाराशी गेली, गॅलरीचं दार हळूच ओढून घेतलं, आणि परत आली.

"मशीनचं माझ्या लक्षातच आलं नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बाथरूम मी धुतली होती."

धाकटीला आधी शब्दच कळले नाहीत. मग कळले.

"आई."

"ओरडू नकोस."

"तुला माहीत होतं? बाबांनी नदीत माणसं उतरवली, आई. चार दिवस. मी तिथं उभी होते. तू पण होतीस!"

"होते."

"आणि फोटो? दाढीतला फोटो तूच दिलास पोलिसांना!"

आई तिच्यासमोर बसली. तिनं बोळ्याला हात लावला नाही. "तीन वर्षांमागं नोकरीसाठी निघाला होता, तेव्हा काय झालं आठवतं ना? ह्यांनी बसमध्ये चढून, चारचौघांत दंडाला धरून खाली उतरवलं त्याला. त्यानंतर पोरगं वर मान करून जेवलं नाही. त्या दिवशी बाथरूमभर केस पाहिले आणि म्हटलं, जाऊ दे. एवढ्या वेळेला जाऊ दे. दोन दिवसांत फोन करेल, तेव्हा सांगू."

"आणि नाही केला."

"नाही केला. आणि त्याच संध्याकाळी मोटरसायकल सापडली. तुम्ही सगळे नदी नदी करायला लागलात. पहिल्या दिवशी बोलले नाही, मग दुसऱ्या दिवशी काय तोंडानं बोलू? आणि आता अकरा महिन्यांनी?" आईनं दाराकडं पाहिलं. "तू नको बोलूस. आज कुठं माणूस ताळ्यावर आलाय. सकाळी दोन घास जास्त जेवले."

"अगं, पोरीला मदत कर, गप्पा काय मारतेस," बाहेरून बाबांचा आवाज आला. "माझी मान अवघडली."

धाकटीनं बोळा कागदात गुंडाळून खिशात घातला. पातं घासलं, तेल सोडलं, स्क्रू आवळले, वायर लावली. तिचे हात नेहमीसारखे नीट चालले होते, याचंच तिला नवल वाटलं. मशीन आता खणखणीत वाजलं.

तिनं उजव्या बाजूचे लांब केस आधी कात्रीनं उतरवले, मग चार नंबरचा कंगवा लावला आणि मानेपासून वर घेतलं. पांढरे झुबके चादरीवर पडायला लागले. बाबांची मान दिसली. किती बारीक झाली होती. आई दाराच्या चौकटीत उभी होती.

"दादा मागून सुरू करायचा," बाबा म्हणाले. "तूपण तेच केलंस." थोड्या वेळानं म्हणाले, "उद्यापासून पुलावर जात नाही मी. रोज जाऊन पाण्याकडं काय बघायचं? संपलं ते."

धाकटीनं मशीन बंद केलं. डोकं अर्धं झालं होतं, उजवीकडं बारीक, डावीकडं मानेपर्यंत.

"काय झालं? पुन्हा अडकलं?"

"बाबा, दादा पाण्यात गेलेला नाही."

तिनं पुढं होऊन कागद त्यांच्या मांडीवर उघडला आणि सगळं सांगितलं. तारखा, आठ आणि अकरा, कंडक्टर. बाथरूमचं मात्र ती बोलली नाही. बाबांनी तांबूस केस चिमटीत धरला.

"दाढी काढली," ते म्हणाले. "मला सापडू नये म्हणून."

मग ते उठले. चादर गळ्यातून निसटली. तसेच आत आले, अर्ध्या डोक्यानं, खांद्यावर केस, आणि दारातल्या चपलांपाशी वाकून एक बूट चढवला. "बसस्टॉपवरचा तो जुना कंट्रोलर अजून असेल. बिनदाढीचा माणूस विचारतो. छापखान्यातून दोघांना घेतो बरोबर. बघतो कसा..."

"बाथरूममधले त्याचे केस मीच धुऊन टाकले होते," आई म्हणाली.

बाबा वाकलेलेच राहिले.

"त्याच दिवशी. तुम्ही यायच्या आधी."

धाकटीच्या हातातल्या मशीनची वायर जमिनीवर सरकली, तेवढाच आवाज झाला. बाबा सावकाश सरळ झाले आणि आईकडं बघत राहिले, कुणी अनोळखी बाई घरात उभी असावी तसे.

"रोज सकाळी मी पुलावर जात होतो."

"हो."

"रोज. आणि तू मला छत्री आणून देत होतीस."

"हो."

धाकटीला वाटलं, आता आरडाओरडा होईल. छापखान्यात कामगार थरथर कापायचे तो आवाज आता निघेल. तिनं नकळत आईच्या पुढं एक पाऊल टाकलं. पण बाबांनी नुसतं पायातल्या एका बुटाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंतीला हात टेकून तो काढला, जोडीच्या बुटाशेजारी नीट ठेवला, आणि जमिनीवरची चादर उचलून पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

"राहिलेले काप," ते धाकटीला म्हणाले.

तिनं मशीन चालू करायला बटणावर अंगठा ठेवला, तोच त्यांनी हात वर केला. मान वळवली नाही. समोरच्या भिंतीकडं बघतच त्यांनी आईला विचारलं, "जाताना काही खाऊन गेला का गं तो?"

आई दारातून गॅलरीत आली.

"मी परतले तेव्हा पातेलं रिकामं होतं. जेवणाचा डबा नेला होता," ती म्हणाली. "पूर्ण भरून."